वुस्टरच्या काकांना, त्या कानटोपीबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी लेकीला शेजारी बसवून 'रॉ' या अमेरिकन कुस्तीच्या टीव्ही कार्यक्रमाचा तो जुना भाग पाहिला. ४ जानेवारी १९९९चा, मॅनकाइंड नावाचा पैलवान अजिंक्यपदाचा पट्टा जिंकतो तो. काच फुटल्याचा आवाज आला आणि वुस्टरच्या सेंट्रम हॉलमधलं सगळं पब्लिक एकदम उठलं, तेव्हा मी पडद्याजवळ जाऊन वरच्या रांगांत आपल्या तिघांना शोधत होतो. सापडलो नाही. वर नुसता अंधार आणि हवेत उंचावलेले हात. त्यातले सहा हात आपले आहेत, एवढं लेकीला सांगितलं आणि पुढे मला बोलता येईना. तेव्हापासून हे पत्र मनात आहे. लिहायला २५ वर्षांहून जास्त उशीर झालाय, त्याबद्दल आधी क्षमा करा.

१९९८चा तो डिसेंबर माझ्यासाठी कसा होता, हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. अमेरिकेत, वुस्टरला शिकायला येऊन चार महिने झाले होते. पहिल्याच सत्रात दोन विषय गेले, पाठोपाठ असिस्टंटशिप गेली. गाइडने खोलीचं दार उघडं ठेवूनच सांगितलं, हे तुझं काम नव्हे. बाहेर दोघंतिघं उभे होते, त्यांनीही ऐकलं. गणपतीला ज्यांच्या घरी मी आरत्या म्हटल्या होत्या, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. एकाने उचलला, तो जानेवारीत मुंबईचं तिकीट स्वस्त मिळतं हे सांगायला. मी पैसे मागेन अशी भीती त्यांना वाटली असेल. मला फक्त कुणाच्या तरी घरी बसून वरणभात खायचा होता.

तुमची-माझी ओळख ती किती? किराण्याच्या दुकानात दोनदा भेटलो होतो. तुमच्या मुलाचा मित्र आजारी पडला, तिसरं तिकीट उरलं आणि २९ डिसेंबरला तुमचा फोन आला. "कुस्ती बघायला येतोस का? आपल्याकडची नव्हं, इथली."

गाडीत तुमचा मुलगा मागे वळून अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत मला सगळं समजावत होता. मॅनकाइंड म्हणजे मिक फोली. जूनमध्येच पिट्सबर्गला अंडरटेकरने त्याला १६ फूट उंच पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली निवेदकांच्या टेबलावर फेकलं होतं. १९९४ला म्युनिकमध्ये व्हेडरशी लढताना दोरांच्या पिळात डोकं अडकलं आणि उजव्या कानाचा मोठा तुकडा गेला. तेव्हा ज्या दुसऱ्या कंपनीसाठी तो लढत होता, तिने त्याला वर आणलं नाही आणि त्याच वर्षी तो तिथून बाहेर पडला. तुम्ही गाडी चालवत सगळं ऐकत होता. मध्येच एवढंच म्हणालात, "आमच्याकडं कोल्हापूरला खासबाग मैदानात कुणी नुरा, म्हणजे ठरवून कुस्ती, धरली तर पब्लिक सोडत नाही. पण पोरा, पडणं तेवढं खरं दिसतंय ह्याचं."

गाडी लांब लावावी लागली. थंडी अशी की श्वास घेताना छातीत दुखत होतं. माझ्या अंगात जुनं जाकीट होतं, डोकं उघडं. तुम्ही दहा पावलं चाललात, थांबलात, स्वतःची तपकिरी लोकरीची कानटोपी काढलीत आणि दोन्ही हातांनी माझ्या डोक्यात घालून कानांखाली नीट ओढलीत. शाळेत पाठवताना आई ओढते तशी. "कान झाक. गेलेला कान परत येत नाही." आणि पुढे चालू लागलात. सेंट्रमच्या दारापर्यंत मी तुमच्या मागे होतो आणि मला फक्त तुमचे लाल झालेले कान दिसत होते.

काका, मला त्या महिन्यात सल्ले भरपूर मिळाले होते. मला गार वारा लागतोय, हे दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं.

आत ऊब होती, तरी मी टोपी काढली नाही. पुढचं सगळं तिच्यातूनच ऐकलं. मॅनकाइंडने मालकाच्या मुलाला, शेन मॅकमहनला, धरून मालक व्हिन्सकडून पट्ट्याची झुंज मिळवली. समोर पट्टा असलेला पैलवान, द रॉक. दोघांच्या बाजूची माणसं कडेला उभी, मग त्यांच्यात मारामारी, आणि तेवढ्यात काच फुटल्याचा तो आवाज. तो आवाज ज्याच्या येण्याची खूण, तो स्टोन कोल्ड ऑस्टिन धावत आला, रॉकच्या डोक्यात खुर्ची घातली, निपचित पडलेल्या मॅनकाइंडला ओढून रॉकच्या अंगावर टाकलं. एक, दोन, तीन. तसा आवाज मी पुन्हा आयुष्यात ऐकला नाही. त्याच्या बाजूच्या डी-एक्स टोळीतल्या पोरांनी मॅनकाइंडला खांद्यावर घेतलं, आपल्याकडे फडात पैलवानाला घेतात तसंच. त्याने माइक हातात घेऊन घरी असलेल्या आपल्या दोन लेकरांना सांगितलं की बाबाने करून दाखवलं. तुम्ही टाळ्या वाजवत नव्हता, नुसते उभे होता, आणि तुमच्या मुलाच्या खांद्यावर जसा तुमचा एक हात होता तसाच दुसरा माझ्या खांद्यावर.

परत सोडताना दार लावून म्हणालात, "सोमवारी जेवायला ये. टीव्हीवर लागेल तेव्हा परत बघू."

सोमवारी काकूंनी वरणभात केला होता. मी कुणाला काही बोललो नव्हतो, तरी.

ती रात्र आता सगळ्यांना माहीत आहे. आपलं चित्रीकरण आधीच झालेलं, आणि समोरच्या चॅनलवर अटलांटाहून त्या दुसऱ्या कंपनीचा कार्यक्रम 'नायट्रो' थेट चालू. जाहिरातीत तुमच्या मुलाने चॅनल बदललं आणि तिथला निवेदक टोनी शियावोनी, वरिष्ठांच्या सांगण्यावरून, आपला निकाल फोडून मोकळा झाला. इथे कॅक्टस जॅक म्हणून लढलेला मिक फोली तिकडे पट्टा जिंकणार आहे, त्याने म्हणे खुर्च्या भरतील! ज्यांच्याकडे असताना माणसाचा कान गेला, त्यांनीच असं बोलावं. माझ्या कानात गाइडच्या खोलीचं उघडं दार वाजलं. आणि तुम्ही, जे कधी आवाज चढवत नाही, ताटावरून म्हणालात, "कष्टाच्या माणसाचं नाव असं घेऊ नये. लाव रे तिकडं परत."

लाखो घरांत तेच झालं. लोकांनी चॅनल बदललं ते फोलीला जिंकताना बघायला. त्या रात्रीचं रेटिंग 'रॉ'चं ५.७, 'नायट्रो'चं ५.० होतं. पुढे कितीतरी दिवस लोक हॉलमध्ये पाट्या घेऊन यायचे, या खुर्चीत मला मिक फोलीने बसवलंय म्हणून. २००१ला ती दुसरी कंपनी विकली गेली. मला त्याचा आनंद झाला होता, हे आज कबूल करतो.

परवा बघताना लेकीने विचारलं, सगळं ठरलेलंच असतं तर तो जिंकला कसा? मी बराच वेळ गप्प होतो. मग जे सुचलं ते सांगितलं. ठरलेल्या कुस्तीत पडणारा नीट पडला तरच जिंकणारा जिंकतो. रॉक मनापासून पडला. ऑस्टिन तेव्हा सगळ्यांत मोठा, तो आला, दुसऱ्याला जिंकवून निघून गेला. त्या हॉलमधल्या प्रत्येकाने त्या एका जखमी माणसाला वर उचलायचं ठरवलं होतं. असं ठरवणारी माणसं फार थोडी असतात, काका. ती बहुधा बोलत नाहीत, विचारत नाहीत. त्या दोन संध्याकाळींत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की माझे किती विषय गेले.

मी ते दोन्ही विषय परत केले, डिग्री घेतली. ते सगळं तुम्हाला माहीत आहे, पेढे घेऊन आलो होतो. टोपीचं मात्र कधी बोललो नाही. तुम्ही मागितली नाहीत, मी दिली नाही. डावीकडची वीण सुटली होती, ती गेल्या वर्षी आईने पुन्हा घातली. लोकर जरा वेगळ्या रंगाची आहे.

मार्चमध्ये वुस्टरला येतोय, लेकीला घेऊन. टोपी आणतो, परत करायला नाही, दाखवायला. काकूंना सांगा, वरणभात केला तरी पुरे.

तुमचाच,
तिसऱ्या तिकिटावरचा मुलगा