परवानगी तोड्याच्या आधी द्या: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

आमची शेती लहान आहे. उन्हाळ्यात काकडी, टोमॅटो, घेवडा, मका, खरबूज असं थोडं थोडं सगळं निघतं आणि ते आम्ही दोघं नवरा-बायको जवळपासच्या लोकांना स्वतःच विकतो. मागच्या हंगामात एका सकाळी तपासणीची माणसं आली आणि विकायला बसायची परवानगी दाखवा म्हणाली. अर्ज आम्ही हंगामाच्या आधीच केला होता. त्याची पोच होती, परवानगी नव्हती. नुकतेच उतरवलेले क्रेट पुन्हा गाडीत चढवून आम्ही घरी आलो. परवानगीचा कागद हाती पडला तेव्हा शेतातले वेल उपटून झाले होते.

त्या माणसांवर माझा राग नाही, त्यांनी नियम पाळला. माझं भांडण नियमाशी आहे. हा माल आज विकला काय, महिन्याने विकला काय, सारखंच, असं धरून तो केलेला दिसतो. आमच्या मालाला महिना नसतो. बऱ्याचदा दुपारसुद्धा नसते.

तोडलेली भाजी जिवंत असते. देठापासून सुटली तरी तिचं श्वसन चालूच राहतं. साठवलेली साखर ती खर्चत राहते, पाणी गमावत राहते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून आम्ही उजाडायच्या आत तोडायला लागतो. रात्रभराच्या गारव्याने फळ आतून थंड असतं, ती थंडी धरून ठेवायची म्हणून क्रेट सावलीत आणि वर ओलं गोणपाट. कोवळ्या मक्यातली साखर तर कणीस तोडल्यापासूनच पिठूळ व्हायला लागते, उन्हात फारच झपाट्याने. सकाळी दाताखाली दूध सुटणारं कणीस दुसऱ्या दिवशी तेच राहत नाही.

शीतगृहात ठेवा, असा सल्ला आम्हाला नेहमी मिळतो. पण आमच्याकडे एकाच मालाचा गाडीभर ढीग नसतो, पाच-सहा जातींचे थोडे थोडे क्रेट असतात आणि सगळ्यांना एकच थंडी मानवत नाही. पालेभाजी शून्य अंशाच्या आसपास छान राहते. काकडी दहा अंशांच्या खाली काही दिवस ठेवली तर तिच्यावर पाणचट खड्डे पडतात. टोमॅटो फार थंडीत वास गमावतो, आणि वास गेलेल्या टोमॅटोला चव कुठली?

लांबच्या बाजाराचंही असंच. तिथे जाणारा टोमॅटो नीट लाल व्हायच्या आत तोडावा लागतो, तो वाटेत रंगतो. खरबुजाला तेवढीही सवलत नाही. त्याच्यात साखर होईल असा स्टार्चचा साठा नसतो. वेलावरून काढल्यावर ते मऊ पडतं, त्याला वास सुटतो, पण गोडी वाढत नाही. वेलावर जेवढी आली तेवढीच. देठाभोवती चीर पडून फळ हातात अलगद सुटून येतं, तेव्हाच ते पुरतं भरलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच ते लांबचा प्रवास सोसत नाही. असं खरबूज जवळच्या माणसालाच खायला मिळतं. त्याची चव पाहून जे गिऱ्हाईक पुन्हा येतं, त्याच्या जिवावर आमची शेती चालते.

आणखी एक गोष्ट सांगते. ठोक खरेदीदाराकडे काकडी सरळ आणि एका मापाची लागते. उन्हाच्या तडाख्यात पाणी कमी पडलं किंवा परागीकरण नीट झालं नाही की काकडी वाकडी होते, एका टोकाला फुगते. ठोक बाजारात ती बाद. आमच्यासमोर उभं असलेलं गिऱ्हाईक ती हातात घेतं, कधी तोडली विचारतं आणि पिशवीत टाकतं. ज्याने पिकवलं तोच समोर असल्यावर माप पाहायची गरज फारशी उरत नाही.

आपल्या खात्याची एक अडचण मला समजते. शेतकऱ्याच्या नावाखाली कोणीही ठोक माल उचलून आणेल आणि आपलाच म्हणून विकेल. असं होतं, आणि त्यात सगळ्यात जास्त आम्हीच भरडतो. पण त्यावर तोड आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९७७ मध्ये थेट विक्रीचे नियम केले. शेतकऱ्याला मालाचं ठरावीक माप आणि ठरावीक वेष्टन यांतून सूट दिली आणि त्याच्या बदल्यात तो माल त्याच्याच शेतातला असल्याचं प्रमाणपत्र मागितलं. ते स्थानिक कृषी अधिकारी देतो आणि प्रमाणपत्रावर लिहिलेलं पीक रानात उभं आहे का, हे जाऊन पाहू शकतो. म्हणजे शंका असेल तिथे वाफ्यात जाऊन बघायचं. आमच्याकडे अधिकाऱ्यांनी जरूर यावं. वेलावर किती फळं आहेत ते मोजावं, मग टेबलावर किती आहेत ते मोजावं.

मला हवं आहे ते असं. एका हंगामाला एकच परवानगी, आणि ती लावणीच्या वेळी. उत्तर द्यायची मुदत ठरलेली असावी आणि त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं. या शेवटच्या ओळीवर मी अडून बसणार आहे, बाकीच्यात कमी-जास्त चालेल. बसायला सावलीची जागा आणि हात-भाजी धुण्यापुरतं स्वच्छ पाणी मिळालं तर उत्तम. सावली असली तर माल आणखी दोन-तीन तास तग धरतो. वजनकाट्याची तपासणी मात्र जरूर व्हावी, तिथे आम्हाला सूट नको.

सध्या टोमॅटोची रोपं वाफ्यात आहेत. काकडीचं बी या आठवड्यात टाकू. बी टाकल्यापासून दीड-दोन महिन्यांत पहिला तोडा येतो. यंदाचा अर्ज मी काल दिला आहे.

आपली,
एक लहान शेतकरी