आकडेवाल्या काकांना खुलं पत्र

काका, नमस्कार.

तुम्ही फोनवर म्हणलात आभार बिभार काही नको पोरी, आधी काम पूर्ण कर. झालं पूर्ण, मागच्या आठवड्यात प्रोजेक्ट सबमिट केला, म्हणून आता लिहायलेय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते.

त्या दिवशी अंबाजोगाईला झेरॉक्सच्या दुकानात मी प्रिंट काढायला आले होते आणि तुम्ही बाजूच्या स्टुलावर पेपर वाचत बसलेले. माझा विषय ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी मागं राहिलेली म्हातारी माणसं. विषय तसा घरचाच, दिवाळी झाली की आमच्या धारूरकडच्या वस्त्या रिकाम्या होतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते त्यामुळं कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, गाडीत बसून जाते कारखान्याला, आणि घरी उरतात आज्जी-आजोबा, दोनचार नातवंडं आणि एखादी शेळी. पण प्रिंटची पहिली चार पानं होती जपानची. सर म्हणले डेटा टाका, मग मी मोबाईलवर जे सापडलं ते टाकलं. तुम्ही चष्मा कपाळावर नेला, पान पाहिलं आणि म्हणलात, "जपानचे म्हातारे ऊस तोडायला जातेत का गं?"

लई राग आला होता काका, खरं सांगते. त्याआधी एका ऑफिसात तीन चकरा मारून झाल्या होत्या, पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा अर्ज आणा, तिसऱ्यांदा अशी माहिती आमच्याकडं नसतेच. आणि वर हे कोण अनोळखी माणूस मला हसायलंय. तुम्ही सांख्यिकी खात्यातून रिटायर झालात, एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, सर्व्हेला दारोदार फिरलात हे मला नंतर कळलं, चहा घेताना.

त्या चहात तुम्ही माझ्या वहीच्या मागच्या पानावर जे लिहून दिलं ते पान मी फाडून जपून ठेवलंय. तोपर्यंत मला वाटायचं आकडे कुठंतरी एका जागी पडलेले असतात आणि कुणी देत नाही म्हणून आपल्याला मिळत नाहीत. तुम्ही सांगितलं की बरेचसे उघड्यावरच आहेत, फक्त कोणता आकडा कोणत्या कामाचा हे कळायला पाहिजे. जनगणनेच्या साइटवर सी-14 नावाचा तक्ता, त्यात जिल्ह्याची वयोगटानुसार लोकसंख्या, एक्सेलमध्ये, फुकट. मी गावाचा आकडा शोधत दोन रात्री घालवल्या आणि मग तुम्हालाच फोन केला, तर तुम्ही म्हणलात मिळणारच नाही, गावपातळीच्या तक्त्यात 0 ते 6 ची लेकरं तेवढी वेगळी काढलेली असतात, म्हातारी नाही. हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

पण माझ्या डोक्यात खरा उजेड पडला तो फेब्रुवारीवरून. 2011ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, आणि फेब्रुवारीत आपली माणसं कुठं असतात, तर उसाच्या फडात, कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत. त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता तो घरच्या यादीत धरायचा नाही असा नियम. म्हणजे आपल्याकडच्या गावांत म्हाताऱ्यांचा टक्का आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. मी म्हणलं मग तो आकडा चुकीचा झाला ना, तर तुम्ही म्हणलात चुकीचा कसा, तुझा विषयच तो आहे, फेब्रुवारीतलं गाव. (हे वाक्य मी प्रोजेक्टमध्ये जसंच्या तसं टाकलंय, तुमचं नाव न घेता. सरांनी त्याला बरोबरची खूण केलीय.) तसंही 2021ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळं मला जुन्यावरच भागवावं लागलं.

मग लासी. आधी मला वाटलं कुठल्या बाईचं नाव आहे, निघाला म्हातारपणावरचा सर्व्हे. मुंबईला देवनारला आयआयपीएस म्हणून लोकसंख्येची संस्था आहे, त्यांनी 2017-18ला देशभरात 45 च्या वरची माणसं आणि त्यांचे नवरा-बायको मिळून 72 हजाराहून जास्त लोकांना घरी जाऊन विचारलं, अंघोळ स्वतः करता येते का, कपडे घालता येतात का, खाटेवरून उठता येतं का, बिल भरता येतं का, शिवाय दहा शब्द वाचून दाखवायचे आणि थोड्या वेळानं किती आठवतात ते बघायचं, हातात यंत्र देऊन मूठ किती जोरात आवळता येते तेही मोजायचं. रिपोर्ट फुकट, डेटासुद्धा फॉर्म भरून मागितला की देतात. असाच सर्व्हे अमेरिकेत 1992पासून चालू आहे आणि वेगवेगळ्या देशांतले प्रश्न शेजारी शेजारी ठेवून दाखवणारी गेटवे टू ग्लोबल एजिंग डेटा नावाची साइट आहे, ती पण तुमच्याच कागदावर होती. इंग्रजी बघून मला घाम फुटला होता, तर तुम्ही म्हणलात रिपोर्ट नंतर वाच, आधी त्यांची प्रश्नावली वाच, प्रश्न सोपे असतात. खरंच सोपे होते. त्यातले बारा मी मराठीत घेतले आणि आपले दोन घातले, कोयता गेल्यावर घरात नातवंडं किती राहतात आणि पाणी कोण आणतं. एवढंच बजावलंत की लासी राज्याचं सांगतं, जिल्ह्याचं नाही, महाराष्ट्राचा टक्का उचलून बीडला चिकटवशील तर माझ्याकडं येऊ नको.

गावातली म्हातारी मोजायला मतदार यादी घे म्हणलात, घर नंबर आणि वय दोन्ही असतं. घेतली. आणि काका, काय गंमत, 60, 65, 70 वर माणसांची ही गर्दी आणि 61, 63, 67 वर कुणी नाहीच जवळजवळ. सांगणारा अंदाजे सांगतो आणि लिहिणारा गोल करून लिहितो. म्हणून मी घरोघर फिरताना वय विचारलंच नाही. तुम्ही शिकवलं तसं विचारलं, रझाकाराच्या वेळी केवढे होतात, बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का, किल्लारीच्या भूकंपाला नातू झाला होता का. वय तर निघायचंच, वर तास-तासभर गोष्टी ऐकायला मिळायच्या.

त्यातच आमच्या आज्जीचं निघालं. आधारवर तिची जन्मतारीख 1 जानेवारी 1964, गावात अर्ध्या लोकांची 1 जानेवारीच आहे म्हणा. आणि ही बया सांगते की बहात्तरला ती खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, आणि कडेवर माझे मोठे काका होते. म्हणजे आठ वर्षांची पोर स्वतःचं पोर कडेवर घेऊन खडी फोडत होती? श्रावणबाळला, म्हणजे राज्याच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला, 65 पूर्ण लागतात, कागदावर तिला 65 व्हायला 2029 उजाडतंय, खऱ्यात ती कधीच सत्तरी ओलांडून बसलीय. एवढी वर्षं आम्ही घरातले सगळे आधारच खरं मानत होतो, मी पण, आणि मी निघाले होते म्हाताऱ्यांवर प्रोजेक्ट करायला.

म्हातारपण सुरू कधी होतं यावर मी एक अख्खं पान लिहिलं ते तुमच्यामुळंच. 2007च्या आईवडील पालनपोषणाच्या कायद्यात 60, केंद्राच्या पेन्शनला 60, श्रावणबाळला 65, एसटीच्या अर्ध्या तिकिटाला 65, फुकट प्रवासाला 75. आणि पेन्शनमधला केंद्राचा वाटा वयाच्या 79 पर्यंत 200 रुपये, 2007पासून 200चे 200च. जीआर तारखेनं लावून वाचायचे हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला हे दिसलंच नसतं.

आज्जीचा अर्ज केलाय. आधारशिवाय चालत नाही म्हणून आधी परत पाठवत होते, मग योजनेच्या नियमाची झेरॉक्स लावली, त्यात ग्रामीण रुग्णालयाचा वयाचा दाखला चालतो असं लिहिलंय, तेव्हा कुठं घेतला. मंजूर व्हायचाय. पावतीवर तारीख आणि सही घेतली, तुम्ही म्हणलात तशी.

रविवारी येते. आज्जीनं शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय तुमच्यासाठी, काकूंना सांगा डबा परत पाहिजे.

तुमची,
जपानवाली

ता. क. तक्ता 3 मध्ये बेरीज एकानं चुकलीय, सबमिट केल्यावर दिसलं. तुम्हाला सापडायच्या आधी मीच सांगते.