यंत्र आहे, रिपोर्ट मात्र पाचव्या दिवशी : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला, तो केमोथेरपीने आटोक्यात आल्यावर त्याला माझ्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी देण्यात आल्या, आणि आता त्याचा रक्तगटही माझाच झाला आहे, हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने सांगतो. प्रत्यारोपणानंतर त्याच्या जिवावर बेतले ते मात्र सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूमुळे.

हा विषाणू आपल्याकडील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात मुकाट पडून असतो, कारण टी-पेशी, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला डोके वर काढू देत नाहीत. प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाची जुनी प्रतिकारयंत्रणा औषधांनी मोडून काढली जाते, नवीन पेशींचा जम बसायला काही महिने जातात, आणि विशेषतः पहिल्या शंभर दिवसांत विषाणूला रान मोकळे मिळते. त्यातून माझी तपासणी निगेटिव्ह निघाली होती, म्हणजे मी दिलेल्या पेशींची या विषाणूशी कधी गाठच पडलेली नव्हती. रुग्ण पॉझिटिव्ह आणि दाता निगेटिव्ह अशा जोडीत धोका अधिक असतो. म्हणूनच भावाच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण दर आठवड्याला पीसीआरने मोजायचे ठरले.

ती तपासणी रुग्णालयात होत नसे. जांभळ्या झाकणाची नळी बर्फाच्या डब्यात घालून मी रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खासगी प्रयोगशाळेत जात असे. एका शुक्रवारी दिलेल्या नमुन्याचा रिपोर्ट मंगळवारी आला, तोवर ताप चढून जुलाबही सुरू झाले होते. गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध द्यावे लागले, आणि ते औषध पांढऱ्या पेशीच घटवत असल्याने नुकतेच वर आलेले काउंट पुन्हा उतरले. औषध कदाचित तसेही लागले असते, पण ताप येण्याआधी सुरू झाले असते.

ही तपासणी ज्या रिअल-टाइम पीसीआर यंत्रावर होते, त्याच प्रकारची यंत्रे 2020 नंतर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी कोविडसाठी रात्रंदिवस चालवली. किट वेगळे लागते, यंत्र तेच. पुण्यातील शासकीय महाविद्यालयात रक्तकर्करोगाच्या रुग्णांसाठी ही तपासणी सुरू करावी आणि तिचा रिपोर्ट अठ्ठेचाळीस तासांत मिळावा, अशी माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती उरलेल्या रक्ताविषयी आहे. तपासणीनंतर नळीत जे चार थेंब राहतात ते फेकले जातात. कोणत्या रुग्णाच्या टी-पेशी विषाणूला ओळखू लागल्या आहेत आणि कोणाच्या नाहीत, म्हणजे औषध कोणाचे थांबवता येईल, याचा अभ्यास अशाच आठवड्या-आठवड्याच्या नमुन्यांवर होऊ शकतो. 1952 पासून विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था याच शहरात आहे, आणि गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. या संस्था केंद्राच्या आहेत, असे आपले अधिकारी सांगतील, आणि ते खरेच आहे. पण रुग्ण आणि नळ्या राज्याच्या रुग्णालयात आहेत, त्यामुळे रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी घेऊन नमुने साठवण्याचा करार करायला पहिले पाऊल राज्यालाच टाकावे लागेल.

भावाचे नमुने देण्यास आमची संमती आहे. अर्ज कोणाकडे करायचा, एवढे कळवावे.

आपला विश्वासू,
एक मूळपेशी दाता, पुणे