रविवारच्या सामूहिक साधनेबद्दल लातूरच्या काका-काकूंना आभारपत्र

आदरणीय काका आणि काकू,
सादर प्रणाम.

इगतपुरीच्या धम्मगिरीतील दहा दिवसांचे विपश्यना शिबिर पूर्ण करून मी नुकतीच लातूरला परतले. हे माझे दुसरे शिबिर. आपल्या माडीवर दर रविवारी सायंकाळी होणाऱ्या सामूहिक साधनेचा या शिबिरात किती आधार झाला, हे तोंडी सांगू लागले तर आपण "त्यात काय विशेष" म्हणून विषय बदलाल, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. परभणी, नांदेड, बीडकडचे जे साधक एक शिबिर करून आल्यावर घरी एकटेच बसत आहेत, त्यांच्याही ते वाचनात यावे अशी इच्छा आहे.

शिबिरात सुरुवातीचे साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासावर लक्ष ठेवणे, एवढेच असते. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरावरील संवेदना प्रतिक्रिया न देता पाहणे, शिकवली जाते आणि त्यानंतर सकाळी 8, दुपारी 2:30 व सायंकाळी 6 वाजताच्या सामूहिक बैठकांत अधिष्ठान असते. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हातपाय हलवायचे नाहीत. पहिल्या शिबिरात या तिन्ही तासांत माझे निम्मे लक्ष तास संपण्याकडे असे. या वेळीही उजव्या गुडघ्यात तीच कळ त्याच जागी उठली, परंतु तिची ओळख आपल्या माडीवर आधीच झालेली असल्याने ती वाढते, पसरते आणि आपली आपण ओसरते, हे पाहत बसणे मला जमले.

घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे असे प्रत्येक साधकाला सांगितले जाते आणि त्याला रविवारची बैठक पर्याय ठरू शकत नाही, हे मला मान्य आहे. तरीही घरी दाराची कडी वाजली, कुकरची शिट्टी झाली की उठायला कारण मिळते; आपल्याकडे शेजारचा माणूस स्थिर बसलेला असतो, आणि त्याच्या स्थिर बसण्याने आपलाही निश्चय टिकतो. उन्हाळ्यात बैठक सुरू असतानाच वीज जायची, कूलर बंद पडायचा, आणि घामाचा थेंब कानशिलावरून निघून हनुवटीपर्यंत उतरताना कुठे रेंगाळतो, कुठे वेग घेतो हे नीट कळत असे. खोलीत इतकी माणसे असूनही रुमालासाठी कोणाचा हात हललेला जाणवत नसे. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून रस्त्याने जात, तेव्हा कोणीतरी खिडकी लावायला निघाले असता काका म्हणाले होते, "राहू द्या, तो आवाजही येतो आणि जातो." धम्मगिरीच्या ध्यानकक्षात कोणी खोकले, कोणाचे आसन सरकले, तर माझी चिडचिड झाली नाही, याचे श्रेय मी त्या ट्रॅक्टरांना आणि काकांच्या त्या वाक्याला देते.

मौनाची तयारी मात्र काकूंनी करून घेतली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. शिबिरातील आर्य मौन म्हणजे केवळ तोंड बंद ठेवणे नव्हे. खाणाखुणा, नजरेने बोलणे, चिठ्ठी लिहिणे हेही त्यात वर्ज्य असते, आणि दहाव्या दिवशी सकाळी मैत्री साधनेनंतर, म्हणजे सर्वांचे मंगल चिंतण्याच्या साधनेनंतर, ते सुटेपर्यंत बोलायचे ते साधनेबाबत आचार्यांशी किंवा सोयीसुविधांबाबत व्यवस्थापकांशी. पहिल्या शिबिरात मी इतर साधिकांचे चेहरे वाचत असे, त्यांना काय जाणवते आणि मला का जाणवत नाही, याचा हिशेब करीत असे. आपल्याकडे जिन्यापाशी ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात मोबाइल ठेवून वर जायचे, आणि "भवतु सब्ब मंगलं" (सर्वांचे मंगल होवो) हे समारोपाचे शब्द झाल्यावर चहा घेताना शेतीचे, पावसाचे, लेकराबाळांचे बोलायचे, "आज तुमचे ध्यान कसे झाले" असे कोणी विचारले की काकू शांतपणे म्हणत, "ते आचार्यांना विचारा बाई." आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ताहात सारे गाव एकत्र बसते, पण तिथे टाळ-मृदंग आणि नामाचा गजर असतो, एकत्र बसून गप्प राहणे आणि उठल्यावर एकमेकांच्या अनुभवाची मापे न काढणे, ही सवय मला आपल्या घरी लागली. त्यामुळे या वेळी नजर खाली ठेवून चालणे कठीण गेले नाही. दुपारी 12 नंतर जुन्या, म्हणजे आधी शिबिर केलेल्या, साधकांना जेवण नसते, सायंकाळी 5 वाजता फक्त लिंबूपाणी मिळते. तेही सहज निभावले.

दिवाळीनंतर आपण दोघे काही आठवडे मुलाकडे पुण्याला जाणार असल्याचे कळले. त्या काळात बैठकीत खंड पडू नये यासाठी माडी उघडणे, झाडलोट करणे, सतरंज्या अंथरणे, साधनेचे ध्वनिमुद्रण वेळेवर लावणे आणि काकूंच्या पद्धतीने चहा करणे, ही सर्व जबाबदारी मी आनंदाने घेईन. आपला होकार कळवावा, म्हणजे निघण्यापूर्वी किल्ली घेण्यासाठी येईन.

आपली कृतज्ञ,
रविवारच्या बैठकीतील एक साधिका, लातूर