पाळणाघरातील ताईही शिक्षिकाच

संपादक महोदय,

बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुली पाळणाघरापेक्षा बालवाडीची नोकरी पसंत करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. तिथे कामाचे तास ठरलेले असतात आणि ‘बाई’ म्हणून मानही मिळतो. पाळणाघरात मात्र दहा महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन मऊ भात भरवताना त्याच्या प्रत्येक हुंकाराला उत्तर देणारी ताई केवळ ‘सांभाळणारी’ ठरते, हा मला अन्याय वाटतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या ‘विकासवाडी’ या शैक्षणिक प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या होत्या. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे. तिथल्या ताईंचे वेतन बालवाडी शिक्षिकेच्या बरोबरीने ठरवावे.

– एक बालवाडी शिक्षिका, ठाणे