बटाटे जास्त शिजतात, बस्स

प्रिय सुन्या,

त्या संथ सिनेमाबद्दलचा तुझा मेसेज वाचला, "काही घडतच नाही यार यात, अर्ध्या तासात बंद केला." अरे घडतं रे, पण तू भांडण, रडारड, पोलीस यांची वाट बघत बसलास, आणि बाईच्या रोजच्या जगण्यावरचे हे संथ सिनेमे चालतात तिच्या हातातल्या कामावर, तिकडे तुझं लक्षच नव्हतं.

शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिएलमान' घे, 1975 चा. 201 मिनिटं, एका विधवेचे तीन दिवस. स्वयंपाक, भांडी, मुलाचं जेवण आणि दुपारी एक गिऱ्हाईक (हो, ती घरीच धंदा करते), तेही बाकीच्या कामांसारखंच उरकायचं. कॅमेरा जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी सगळं कसं जिथल्या तिथे, खोलीतून निघताना दिवा बंद म्हणजे बंद. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, आणि ती ते पातेलं हातात धरून या खोलीतून त्या खोलीत फिरते, कुठे टाकावं तेच सुचत नाही. एवढंच! पण तोवर तिची शिस्त आपल्या इतकी अंगात भिनलेली असते की पोटात गोळाच येतो. शेवट सांगत नाही. 2022 मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या समीक्षकांच्या सर्वोत्तम सिनेमांच्या पोलमध्ये हाच पहिला आला, आणि बनवला तेव्हा आकेरमान बाई जेमतेम पंचविशीच्या.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' तरी बघ, कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये ग्रां प्री पुरस्कार मिळालेला. नर्स प्रभाचा नवरा जर्मनीत, फोन नाही काही नाही, आणि एक दिवस घरी राइस कुकर येतो, पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री ती त्या कुकरला मिठी मारून बसते, एक शब्द नाही. आणि आपली छाया कदम, घराचे कागद नाहीत म्हणून बेघर व्हायची वेळ आलेली पार्वती, काय सहज केलीय!

सगळेच असे सिनेमे भारी असतात असं नाही हां. काही डायरेक्टर बाईला खिडकीत उभी करतात, पाच मिनिटं बाहेर बघायला लावतात आणि त्याला संयत म्हणतात. ती दिवसभर काय करते, पगार किती, पाय कुठे दुखतात, काही पत्ता नाही. मला तर झोप येते.

तू 'वेंडी अँड ल्यूसी'पासून सुरू कर, केली रायकार्टचा, फक्त 80 मिनिटं. गाडी बंद पडलेली, कुत्री हरवलेली, आणि पोरगी वहीत पैशांचा हिशोब लिहितेय. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आणि दीडपट स्पीडवर बघितलास तर मला सांगूसुद्धा नकोस.

तुझी,
मेधा