सौरग्रामात अंघोळीचं पाणी कशावर तापतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्गशीर्ष लागला की आमच्या गावावर पहाटे पाचला धुराचा थर बसतो. माळावरून खाली बघितलं तर देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी तेवढी वर दिसते, घरं दिसत नाहीत. परक्या माणसाला वाटतं, भाकऱ्या चालल्यात. भाकऱ्या त्या वेळी कुठल्या! तो धूर अंघोळीच्या पाण्याचा. घरामागं न्हाणीच्या भिंतीला लागून चुलवण, त्यावर काळाठिक्कर हंडा आणि खाली वेड्या बाभळीचं, नाहीतर डाळिंबाच्या छाटणीचं जळण.

गावाची वीज उन्हावर तयार करणाऱ्या सौरग्रामांच्या बातम्या मी कापून ठेवते. साताऱ्याकडची मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तेव्हाचं कात्रण अजून कपाटात आहे. कौतुक वाटतं. वीजबिलाचं, रस्त्यावरच्या दिव्यांचं, शेतातल्या सौर पंपांचं अशा बातम्यांत सविस्तर असतं. अंघोळीचं पाणी कशावर तापतं, हे मात्र मला एकाही कात्रणात सापडलेलं नाही. पाणी तापवायला पहाटे चारला जी उठते तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं पहिलं तेच सांगितलं असतं.

आमच्या घरात सहा माणसं. पाणी तापवायचा सोलर बंब घेण्याआधी मी एकदा आठवडाभर जळण जोखून पाहिलं होतं. डाळिंबाच्या क्रेटसाठी घेतलेला काटा घरात होताच. नुसत्या अंघोळीला रोज चार किलोच्या खाली कधी आलं नाही, थंडी कडक असली की पाच. वर्षाचे पंधरा क्विंटल धरा. ते तोडायचं, वाळवायचं, डोक्यावरून आणायचं, पावसाआधी पत्र्याखाली रचायचं. यातलं निम्म्याहून जास्त काम बाईचं, आणि फुंकर घालून डोळे चुरचुरतात ते तर सगळे तिचेच.

उज्ज्वला २०१६ साली आली, गावात घरोघर शेगड्या झाल्या. चहा, भाजी, पोरांचा डबा गॅसवर गेला. अंघोळीचं पाणी गेलं नाही, आणि ते जाणारही नव्हतं. सहा माणसांना पंधरा-पंधरा लिटर पाणी, वीस अंशांवरून पन्नास अंशांवर न्यायचं, तर १४.२ किलोची टाकी नुसत्या अंघोळीत महिन्याभरात संपते. कुठल्या घरात ते परवडेल? म्हणून ज्या घरात गॅस आहे त्याच घराच्या मागं चुलवणही आहे.

राहिला रॉड. बाजारात मिळतो, बादलीत टाकला की झालं. दीड हजार वॅटचा रॉड बादलीभर पाण्याला अर्ध्या तासात पाऊण युनिटच्या आसपास खातो. सहा बादल्यांचे महिन्याला सव्वाशेच्या वर युनिट होतात. म्हणजे पंखा-दिव्यावर शंभर युनिटच्या आत राहणारं घर वरच्या दरात ढकललं जातं. शिवाय सगळ्या गावाचे रॉड पहाटे पाच ते सात एकदमच लागतात. मग बल्ब लाल होतात आणि एखाद्या दिवशी डीपीच, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, बसतो. आणि पाणी तापलं का म्हणून बादलीत हात घालून दगावलेल्यांच्या बातम्या दर थंडीत छापून येतात, त्या मी कापून ठेवत नाही.

आमच्याकडे सोलर आला तो बंगळूरमार्गे. आटपाडी-खानापूर भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, हे वाचकांना ठाऊक असेल. माझे धाकटे दीर तसेच बंगळूरला आहेत. तिथं घरांच्या गच्चीवर सोलर बंब सर्रास दिसतो, कारण कर्नाटकानं अनेक नव्या इमारतींना तो सक्तीचा केला आणि बसवणाऱ्याला वीजबिलात युनिटमागं ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट वर्षानुवर्षं दिली. दीर गावी आले की माझा चुलवणापुढचा अवतार बघायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, बंगळूरला निम्मा दिवस ढग असतात तरी पाणी तापतं. इथं तर ऊन नुसतं वाया चाललंय."

२०२२ च्या दिवाळीत दीडशे लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर घेतला. स्टँड आणि पाइप धरून २६ हजार पडले. बिलावर जीएसटी १२ टक्के. तीन-चार महिने आधी घेतला असता तर ५ टक्के लागला असता, कारण त्याच जुलैत दर वाढला होता. २०२५ च्या सप्टेंबरात तो परत ५ टक्क्यांवर आला. आमचं नशीब.

सासूबाईंचा विरोध होता. "उन्हानं तापल्यालं पाणी अंगाला लागत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. पहिल्या आठवड्यात न्हाणीतून हाक आली, "अगं, विसण आण लवकर, भाजलं की!" त्यानंतर तो विषय निघाला नाही.

यंत्र म्हणाल तर त्यात हलणारा एकही भाग नाही, मोटार नाही, वीज नाही. ऊन काळ्या नळ्यांवर पडतं, आतलं पाणी तापून हलकं होतं आणि वर टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी त्याच्या जागी खाली येतं. दिवसभर हे फिरणं आपोआप चालू. टाकीला भोवतीनं जाड फोमचं अस्तर असतं, म्हणून दुपारचं ऊन दुसऱ्या दिवशी पहाटे अंगावर घेता येतं. दीडशे लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला विजेचे सात युनिट लागले असते. पुष्कळजण म्हणतात, छतावर विजेची पॅनेलं टाका आणि त्या विजेवर गिझर चालवा. ज्याला जमतं त्यानं करावं. पण ते पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत उतरवतं, आणि साधा सोलर बंब निम्म्याच्या आसपास उष्णता पाण्यात उतरवतो. पाणीच तापवायचं असेल तर मधे वीज कशाला?

आता जे फसलं ते. आमच्या सोलरचं तोंड बसवणाऱ्यानं पश्चिमेला केलं, कारण तिकडून पाइप आखूड पडत होता. ते दक्षिणेला हवं, हे आम्हाला दिरांनी फोनवर सांगितल्यावर कळलं. स्टँड आमचं आम्हीच फिरवलं. पाइप मग तीस फूट झाला, त्यामुळं नळाला पहिली अर्धी बादली गारच येते. शहरात ते पाणी मोरीत जातं. आमच्याकडे पाणी वाया घालवणं कुणाच्या रक्तात नाही, त्यामुळं तेच विसण म्हणून वापरलं जातं.

खरं नुकसान झालं दुसऱ्या उन्हाळ्यात. नळाला चार दिवस पाणी आलं नाही, वरची टाकी कोरडी पडली, घरात वापरून वापरून सोलरमधलंही पाणी संपलं. नळ्यांत उरलेलं उन्हानं आटत गेलं, कोरड्या पडलेल्या नळ्या तापून लाल. भर दुपारी दोनला पाणी सुटलं, आमच्या ह्यांनी हौसेनं मोटार लावली, आणि गार पाणी आत शिरताच दोन नळ्या टचकन तडकल्या. अशा वेळी दिवस मावळल्यावर, नळ्या निवल्यावरच पाणी सोडायचं असतं. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं, आणि नंतर तर त्यानं फोन उचलणंही सोडलं.

तिसरी गोष्ट क्षाराची. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो, तोच नळ्यांत धरतो. तांब्याच्या बारीक पाइपांचा जो चपट्या पेटीचा सोलर असतो, तो टिकाऊ असला तरी असल्या पाण्यानं आतून बुजतो आणि साफ करणं अवघड जातं. काचेच्या नळ्या निदान काढून घासता येतात. वर्षातून एकदा आम्ही काढतो, ब्रश फिरवतो, झिजलेल्या रबरी रिंगा बदलतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी शिवारात आल्यापासून विहिरींची चव जरा सुधारली आहे, पण बोअर ते बोअरच.

आषाढ-श्रावणात काय, असं सगळे विचारतात. आमचा भाग पर्जन्यछायेचा. ढग येतात, मुक्काम करतात आणि पाऊस पुढच्या गावाला जातो. त्या दिवसांत पाणी कोमटच राहतं, मग चुलवण पेटवावं लागतं. वर्षातले तसे चाळीस-पन्नास दिवस धरा. पूर्वी तीनशे पासष्ट होते. उलट चैत्र-वैशाखात इतकं कढत पाणी येतं की निम्म्या नळ्यांवर पोतं टाकून ठेवतो.

मुद्दा असा की यातली एकही अडचण उन्हाची नाही. ऊन आहेच. नसतं ते वरची टाकी, दक्षिणेला मोकळी जागा, क्षाराचा विचार आणि दुरुस्तीला येणारा माणूस. आणि नेमक्या याच गोष्टींवर सरकारचं लक्ष नाही. सोलर बंबावर केंद्राचं अनुदान होतं, ते २०१४ मध्ये बंद झालं. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत मिळतात, पण ते विजेच्या पॅनेलना. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यात जागा नाही. पुण्यात सोलर बसवला तर महापालिका मिळकतकरात सवलत देते. आमच्या घरपट्टीत तशी सवलत द्यायला कुणाची हरकत असायचं कारण दिसत नाही, रक्कम शे-दोनशेच होईल. पण गावात घरपट्टीत शंभर रुपये सूट मिळाली तर त्याची चर्चा पारावर महिनाभर चालते, आणि जाहिरातीनं होत नाही ते त्यानं होतं.

दुसरं घरकुलांचं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजारांचं आहे, त्यात सोलर बसणार नाही हे मलाही कळतं. पण स्लॅब टाकतानाच दक्षिणेच्या बाजूला छोटा कट्टा आणि न्हाणीपर्यंत दोन पाइप सोडले, तर खर्च किरकोळ आहे. नंतर भिंत फोडून तेच करायला किती लागतात, ते आम्ही मोजलेले आहेत. तिसरं, गावातली आयटीआय झालेली दोन पोरं नळ्या बदलायला आणि क्षार काढायला शिकवली, तर तालुक्याच्या दुकानदाराचा फोन लागतो की नाही याची फिकीर उरणार नाही. आणि सुरुवात घरांपासूनच करायला हवी असंही नाही. मुलींचं वसतिगृह, आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्राची बाळंतिणीची खोली, या जागी रोज भरपूर गरम पाणी लागतं आणि छतं रिकामी पडलेली आहेत.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना, ज्यांच्याकडे वरची टाकीच नाही त्यांना सोलर घ्या म्हणणं ही थट्टा होईल. त्यांच्यासाठी जुना बंबच बरा. मधून नळकांडं गेलेला, खाली जाळी असलेला बंब उघड्या चुलवणापेक्षा खूप कमी जळण खातो. चार बंबफोडी, थोड्या गोवऱ्या आणि मक्याची बुरकुंडं यांवर घरादाराच्या अंघोळी होतात. आमच्या लहानपणी तो घरोघर होता. तांबं महागलं तसे बंब मोडीत गेले आणि मागं चुलवण राहिलं. बचत गटातून पत्र्याचे बंब घ्यायला कर्ज मिळावं, असं मी मागच्या बैठकीत म्हटलं तर उत्तर आलं, त्यातून उत्पन्न काय? पहाटेचा दीड तास वाचतो, हे उत्पन्नाच्या रकान्यात कसं लिहायचं ते मला सांगता आलं नाही.

२६ जानेवारीला आमची ग्रामसभा आहे. घरपट्टीतली सवलत आणि घरकुलाचे पाइप, हे दोन विषय मी लेखी दिले आहेत आणि पोच घेतली आहे. हे पत्र त्याआधी छापलंत तर सभेत अंक दाखवता येईल. बाईनं तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात उतरत नाही असा अनुभव आहे.

आपली,
एक वाचक
(ता. आटपाडी, जि. सांगली)